शेपटाकडची खुर्ची

टेबलावरच्या पाटीत माझं नाव
दोन ठिकाणी वाकलंय.
अरबीत प नाही, ळ नाही,
म्हणून म्हाप्रळकरचा झाला महाबरलकर.
मी काही बोललो नाही.
सल्लागार मंडळ आहे,
पहिलाच सल्ला स्वतःच्या नावाचा कशाला?

सोहारची वीज कंपनी, दुसरा मजला, एसी अठरावर.
मी एसी दुरुस्त करणारा माणूस,
खोलीत शिरलो की आधी जाळीकडे बघतो, मग माणसांकडे.
जाळी स्वच्छ होती. माणसं अकरा:
बेकरीवाला, शाळेच्या बाई, बर्फाच्या कारखान्याचा राशिद,
डोंगरातल्या गावाहून काठीसकट आलेले शेख हमूद
आणि 'परदेशी रहिवासी' या रकान्यात मी.
बाकीचे विसरलो.

पडद्यावर रेघ चढत होती. एप्रिल, मे, जून,
जुलैत ती पडद्याबाहेर पडायला बघते.
इंजिनिअर बुशरा म्हणाली,
ग्राहक आमच्या केंद्रस्थानी आहे.
मी विचारलं, ग्राहक म्हणजे कोण?
ज्याच्या नावावर मीटर, तो.

मग मी कॅम्पाचं सांगितलं.
कारखान्यांमागचा. माणसं दोनशे चाळीस,
मीटर एक, मालकाच्या नावावर, मालक मस्कतला.
गेल्या जुलैत त्यानं बिल थकवलं,
दुपारी दोनला तार कापली.
नोटीस रीतसर गेली होती,
मस्कतला, एसीत.
रात्रभर माणसं गच्चीवर
ओल्या चादरी पांघरून पडून होती,
चादरी तासाभरात वाळत होत्या.
मला बोलावलं कंप्रेसर बघायला.
कंप्रेसर ठीक होता.

माझं अरबी बाजारातलं, दुरुस्तीपुरतं.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
अगदी ओठावर आलं होतं,
पण संन्याशाला अरबीत काय म्हणतात कोण जाणे.
गिळलं.

'सूचनेची नोंद घेतली.'
चहा घ्यावा तशी घेतली. मागोमाग बिस्किटं आली.

तेव्हा शेख हमूद बोलले, बशीकडे बघत.
आमच्या गावाला पाणी फलाजनं येतं.
काठीची सावली मोजून पाळी लागायची.
पाण्यासाठी बैठक बसली
की पहिला प्रश्न शेपटाकडच्याला:
तुझ्यापर्यंत पोचलं का?
वरच्याला काय विचारायचं,
त्याचे पाय ओलेच असतात.

आणि उठले. भिंतीजवळची रिकामी खुर्ची
स्वतः ओढत आणली टेबलाच्या टोकाला,
फरशीवर असा आवाज झाला
की राशिदनं दात आवळले.
बुशरानं कोरी पाटी पुढे ठेवली,
पेन उघडलं, थांबली.
कुणाचं नाव? कोणता खातेक्रमांक?
पेन पुन्हा बंद केलं.
इतिवृत्तात एवढंच आलं:
एक खुर्ची वाढवली.

संध्याकाळी कॅम्पात गेलो.
पोरं कांदा चिरत होती, एकजण दाढी करत होता.
खुर्ची मिळाली म्हटल्यावर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत.
गुरुवारी का? गुरुवारी तर शिफ्ट.
त्या दिवसाचा पगार कोण देणार?
विचारतो, म्हटलं, आणि तळहातावर लिहून घेतलं.
तिथे बोलायचं कुठल्या भाषेत?
आमच्यातलं नाव त्यांच्याकडे लिहिलं
आणि उद्या मालकानं वाचलं तर?
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
कढईत मोहरी तडतडली.

मग कोपऱ्यातून कुणीतरी:
तिथे एसी कितीवर असतो?
अठरावर.
सगळे एकमेकांकडे बघायला लागले.
स्वेटर कुणाकडे आहे?

टिकारामकडे होता.
पोखऱ्याहून आणलेला, सात वर्षं पेटीच्या तळाशी
डांबराच्या गोळ्यांत.
त्यानं तो बाहेर काढून झटकला,
कोपराला कसरीचं एक भोक,
बोट घालून बघितलं.

ठरलं मग, दाढीवाला म्हणाला.